मुरगूडमध्ये विचारायचं कोणाला?

कागल तालुक्यातल्या मुरगूडचा कल घ्यायला बाहेरचा पत्रकार आला, तर तो एसटी स्टँडवर उतरतो, चहाच्या गाड्यापाशी चौघांशी बोलतो आणि संध्याकाळी बातमी धाडतो. त्या चौघांत बाई नसते, शेतमजूर रानात गेलेला असतो आणि पुढे होऊन बोलणारा हमखास कुठल्या ना कुठल्या गटाचा असतो. मंडलिक, मुश्रीफ, घाटगे यांच्या कागलात तर विचारूच नका!

पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले प्रा. सुहास पळशीकर ज्याचे सहसंचालक आहेत, त्या ‘लोकनीती’ची रीत वेगळी. दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ या संशोधन संस्थेचा हा पाहणी-उपक्रम आधी मतदारसंघ निवडतो, मग मतदान केंद्रं आणि शेवटी तिथल्या मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं. नाव आजीचं निघालं आणि आजी भांगलणीला गेली असेल, तर कट्ट्यावरच्या नातवाला विचारून भागत नाही. मत कोणाला दिलं, हे तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकायला सांगतात. घरात सासरे समोर बसलेले असताना सुनेला खरं सांगता यावं, एवढी सोय त्यात आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकाच पातेल्यात शिजलेला असतो. गाव तसं नसतं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली, तरी त्याचा निवडणुकीचा अंदाज साफ चुकला, कारण पत्ते घेतले होते मोटारी आणि टेलिफोन असलेल्यांच्या याद्यांमधून.

लोकनीतीची विश्वास मोजायचीही पद्धत तीच, मतदारयादीतून नावं काढायची. निवडणूक आयोगावर ‘खूप विश्वास’ असल्याचं लोकनीतीच्या पाहणीत २०१९ मध्ये ५१ टक्के लोकांनी सांगितलं होतं, २०२४ मध्ये २८ टक्क्यांनी. घसरण मोठीच, तिचं कारण मात्र या एका प्रश्नातून निघत नाही.

बातम्यांवरच्या विश्वासाचे आकडे आणखी जपून वाचावेत. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये भारतासाठी ३८ टक्के हा आकडा दिला. पण त्यांनी विचारलं होतं ते इंटरनेटवर बातम्या पाहणाऱ्या इंग्रजी जाणणाऱ्यांना. सकाळी ‘पुढारी’ उघडणारा मुरगूडकर त्यात जवळपास नव्हताच.

मोजणाऱ्यांवरही वेळ येते. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसचे संजय कुमार यांनी २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांदरम्यान रामटेक, देवळालीत मतदार प्रचंड घटल्याचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. ते चुकीचे निघाले. दोन दिवसांत त्यांनी पोस्ट काढून जाहीर माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. चूक सर्वेक्षणातली नव्हती, मतदारसंख्येचा तक्ता वाचण्यातली होती. पण ज्यांचा धंदाच आकड्यांचा, त्यांना ती महागात पडायचीच. चूक झाकली नाही, एवढं त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं.