पॉलिश पेपरची धूळ आणि आपलं नाक

१४ एप्रिल जवळ आला की विहारातली बाकडी, पुस्तकांची कपाटं अंगणात निघतात. पोरं तोंडाला रुमाल बांधून पॉलिश पेपरने जुना रंग घासायला बसतात. संध्याकाळपर्यंत केस, भुवया सगळं पांढरं. हे झालं वर्षातून एकदा. पण आपल्या वस्त्यांतले कित्येकजण फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये, फ्लॅटच्या कामांवर हेच रोज आठ-दहा तास करतात. भुसा तर आहे, त्याने काय होतंय, असंच सगळे म्हणतात.

जाड भुसा नाकातच चिकटून बसतो. बारीक धूळ थेट छातीत उतरते, त्यातून खोकला आणि दमा सुरू होतो. शिसम, साग यांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते. पेपर जितका बारीक तितकी धूळ बारीक. आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. तो शेवटचा हात ‘हलकं काम’ म्हणून शिकाऊ पोराकडे दिला जातो. हातांना हलकं असेल, छातीला नाही.

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांच्या धंद्यासाठी नावाजलेलं गाव. नाकाच्या आतल्या पोकळीचा एरवी क्वचित दिसणारा एक कॅन्सर तिथल्या फर्निचर कामगारांत फार आढळतो, हे १९६०च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत. घाबरून हातातलं काम सोडा, असं मी म्हणत नाही. हा आजार कमीच जणांना होतो आणि बहुधा वीस-तीस वर्षं धूळ खाल्ल्यावर. पण ती वर्षं सुरू होतात अठराव्या-विसाव्या वर्षी, म्हणून आताच बोलायला हवं.

जुना रंग हे वेगळंच दुखणं. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी रंगांत, शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधी रंगवलेला पाळणा, खिडकी, कपाट कोरडं घासलं की शिशाची धूळ घरभर होते. रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. शिशाने रक्त कमी होतं, पोट दुखतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुलाची बुद्धी मंदावते. ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं. म्हणून असा रंग घरात कोरडा घासू नका, दिव्याने जाळून तर मुळीच काढू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा. मुलं आणि गरोदर बाया काम संपून पुसून होईपर्यंत लांब. निघालेला चिखल कागदावर गोळा करून पिशवीत बांधा, मोरीत सोडू नका.

कोऱ्या लाकडाला मात्र पाणी चालत नाही, त्याचे तंतू उभे राहतात. तिथे मोकळ्यावर बसा, वारा पाठीकडून येऊ द्या. रुमालाच्या विणीतून बारीक धूळ सहज जाते. कोरोनात वापरला तो एन-९५ घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. मशीन असेल तर धुळीची पिशवी लावल्याशिवाय चालवू नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. हे ऐकायला सोपं आहे, पण ठेकेदार मास्क देत नाही ही खरी अडचण आहे. चौघांनी मिळून मागितला तर मिळतो, एकट्याने मागितला तर हसतात.

एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येतंय, ती बाजू महिनाभर बंदच आहे, तर सर्दी म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊ नका. सरकारी दवाखान्यात नाक-कान-घशाच्या ओपीडीला जा. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढंच लिहिलं जातं. डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही. आपणच सांगायचं: फर्निचर घासायचं काम, इतकी वर्षं. आणि ते कागदावर उतरलंय का, तिथेच वाचून घ्यायचं.