नर्सिंगच्या पुस्तकात ‘लैंगिकता’ हा धडा कशासाठी?

नागपुरात मेयो, मेडिकल, डागा, एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालये आहेत. आपल्या घरातील अनेक मुली नर्सिंगला प्रवेश घेतात. मुलगी पुस्तक घेऊन घरी येते, त्यात ‘लैंगिक आरोग्य’ हे प्रकरण दिसते आणि अम्मी-अब्बूंच्या कपाळावर आठी पडते. हे काय शिकवतात हो मुलींना? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट समजून घ्यायला हवे.

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम लागू केला. त्यात लैंगिक विकास, संसर्गजन्य आजार, छळापासून बचाव आणि अश्लील वागणाऱ्या रुग्णाला कसे आवरायचे, हे विषय आहेत. न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे यांचीही ओळख करून दिली जाते. म्हणजे हा धडा रुग्णाच्या सेवेसाठी तर आहेच, पण स्वतः नर्सच्या संरक्षणासाठीही आहे.

ही माहिती नसली की काय होते, याचे उदाहरण विदर्भातीलच आहे. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ करून तिला ‘संबंधांची सवय’ आहे की नाही, असा शेरा लिहिण्याची पद्धत देशभर होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांतील दोषांवर अहवाल तयार केला. 2010 मध्ये हा विषय जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि सन्मानाचा भंग करते, असे सांगितले. 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. 2019 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणे’ हा अशास्त्रीय भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. तरीही चाचणी थांबली नाही. शेवटी 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले आणि अभ्यासक्रम तपासायलाही सांगितले. चूक पुस्तकात होती, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

अशी पीडिता रुग्णालयात येते तेव्हा तिच्याजवळ सर्वांत जास्त वेळ नर्स असते. तपासणीसाठी पीडितेची संमती लागते. तिने तपासणीला नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि प्रथमोपचार मोफत व ताबडतोब द्यावेच लागतात. एचआयव्हीपासून बचावाचे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. स्त्री डॉक्टर नसेल तर पुरुष डॉक्टरने स्त्री मदतनीस हजर असतानाच तपासणी करावी, असे सूचना सांगतात. हे ज्या सिस्टरला ठाऊक आहे, तीच त्या मुलीची खरी ढाल ठरते.

रोजच्या आजारांतही हेच आहे. अंगावरून पांढरे जाते, गर्भाशय खाली आले आहे, पण शरमेपोटी बाई वर्षानुवर्षे बोलत नाही. मधुमेहामुळे पुरुषाला लैंगिक दुर्बलता येऊ शकते. तो डॉक्टरकडे न जाता हकिमाच्या जाहिरातीमागे धावतो. अशा वेळी पडदा ओढून, सोबतच्यांना बाहेर थांबवून, हळू आवाजात विचारणारी नर्स लागते. विचारायचे कसे, हे शिकावे लागते.

आणि हया? उपचारासाठी सतर उघडावा लागला तर जरुरीपुरताच, हा आपल्याकडचा जाणता नियम आहे. रुग्णाचे शरीर झाकून ठेवणे, लागेल तेवढाच भाग तपासणे, ऐकलेले बाहेर न बोलणे, हेच नर्सिंगही शिकवते. हजरत रुफैदा (रजि.) यांनी मदिनेत तंबू लावून जखमींची शुश्रूषा केली. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) त्यांच्याच तंबूत होते, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. सेवा आणि लज्जा यांचे वैर नाही.

तृतीयपंथी रुग्णांचा प्रश्नही याच धड्यात येतो. कोणत्या वॉर्डात ठेवायचे, कोणत्या नावाने हाक मारायची, यावर हसू झाले की माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची ओळख मान्य केली आणि 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवेत भेदभावाला मनाई केली. जन्मतः वेगळी शरीररचना असलेल्या ‘खुन्सा’ व्यक्तींच्या हक्कांची चर्चा तर फिकहच्या जुन्या ग्रंथांतही आहे. ज्यांचा विचार आपल्या उलेमांनी शेकडो वर्षांपूर्वी केला, त्यांची थट्टा आपल्या वॉर्डात का व्हावी?

तेव्हा मुलीचे पुस्तक बंद करू नका. घरातील बाई दवाखान्यात गेली की तिच्या वतीने सगळे आपणच बोलू नका. तिला सिस्टरशी एकटीने दोन शब्द बोलू द्या. पडदा, स्त्री मदतनीस हवी असेल तर बिनधास्त मागा. उद्या त्या खाटेवर आपलीच आई किंवा बहीण असेल, तेव्हा समोरची नर्स हा धडा शिकलेली असावी, एवढेच मागणे आहे.