गोल्फच्या चेंडूची उंची

एडिंबरो विद्यापीठात 1860 पासून चार दशके पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक पीटर गथ्री टेट हे सेंट अँड्र्यूजच्या सागरतीरावरील मैदानाचे निस्सीम उपासक होते आणि त्यांचा पुत्र फ्रेडरिक हा तर 1896 व 1898 या दोन्ही वर्षी ब्रिटनमधील हौशी खेळाडूंचे अजिंक्यपद पटकावणारा, त्या काळचा अव्वल दर्जाचा गोल्फपटू होता. परंतु कसलेल्या खेळाडूने टोलविलेला चेंडू ज्या वाटेने जातो ती वाट काही केल्या प्राध्यापकांच्या गणितात बसेना. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या अंमलाखाली इतक्या सपाट कोनातून सुटलेली वस्तू जेवढा वेळ हवेत राहावयास हवी त्याहून कितीतरी अधिक काळ, म्हणजे सहा सेकंदांच्या आसपास, हा चेंडू अधांतरी राही, आणि आरंभीच्या टप्प्यात तर खाली वाकण्याऐवजी तो जवळजवळ सरळ रेषेत, क्वचित किंचित वरच्या अंगाला वळतही, पुढे जाई. टेट यांनी या कोड्याचा छडा लावण्यासाठी योजिलेली तजवीज साधीच, पण बुद्धीची चमक दाखविणारी होती. चेंडूला एक लांब, चपटी फीत जोडावयाची, तिचे दुसरे टोक पक्के करावयाचे, समोरच्या ओल्या चिकणमातीच्या लक्ष्यावर तो चेंडू मारावयाचा आणि मग त्या फितीला किती पीळ पडले ते एकेक करून मोजावयाचे. त्या पिळांनी निर्विवाद साक्ष दिली की, चेंडू नुसता उडत नसून उडता उडता उलटा, म्हणजे वरची बाजू मारणाराकडे येईल अशा रीतीने, वेगाने गरगरत असतो.

ही उलटी फिरकीच चेंडूला उचलून धरते. न्यूटनने 1672 मध्येच टेनिसच्या चेंडूच्या वक्र गतीची दखल घेतली होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या माग्नुस यांनी फिरत्या वस्तूवर हवेचा कसा दाब येतो हे प्रयोगाने दाखविले होते. त्याच तत्त्वाने फिरणारा चेंडू आपल्या मागची हवा खाली लोटतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर रेटते. चेंडूच्या अंगावरील खळगे या कामी मोठे साह्य करतात. गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाच्या, गुळगुळीत नव्या चेंडूपेक्षा ठोके खाऊन खरवडलेला जुना चेंडू अधिक चांगला उडतो, हे खेळाडूंच्या ध्यानात शास्त्रज्ञांच्या आधी आले आणि 1905 मध्ये इंग्लंडमधील विल्यम टेलर यांनी आजच्या खळग्यांचे पेटंट घेतले. अगदी गुळगुळीत चेंडू त्याच जोराच्या फटक्याने सुमारे निम्मेच अंतर तोडतो.

पुत्र फ्रेडरिक 1900 साली दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी पिताही निवर्तला. पण या घराण्याने गोल्फला जे ज्ञान दिले त्याचे व्यावहारिक तात्पर्य मला फार मोलाचे वाटते, कारण नवशिक्या खेळाडूची सारी धडपड त्याच्या नेमकी उलट दिशेने चाललेली असते. क्रिकेटमध्ये चेंडू उचलून मारावयाचा तर बॅट त्याच्या खाली घालून वर झुगारावी लागते, आणि बालपणापासून हातात मुरलेली तीच सवय घेऊन आपला माणूस गोल्फच्या मैदानावर येतो, गवतावर पडलेल्या चेंडूला खालून वर उपसू पाहतो आणि एक तर क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो, नाही तर त्याची खालची धार चेंडूच्या मध्यावर बसून तो गवताला चाटत धावत सुटतो. वस्तुतः चेंडू वर नेण्याचे काम क्लबाच्या तिरप्या मुखाकडे, ज्याला खेळाडू लॉफ्ट म्हणतात त्याच्याकडे, सोपविलेले असते. आयर्नचा फटका खाली उतरत आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागला पाहिजे. चेंडू सुटतो तो मुख्यतः मुखाच्या रोखाने, आणि मुखाचा रोख व क्लबाच्या गतीची दिशा यांतील कोन जितका मोठा, तितकी फिरकी अधिक. टीवर ठेवलेला चेंडू ड्रायव्हरने मारताना मात्र किंचित चढत्या गतीची मुभा असते, कारण तेथे चेंडूखाली जागा मोकळी असते.

अमेरिकेतील अव्वल व्यावसायिकांच्या फटक्यांची रडारने जी मापे घेतली गेली आहेत, त्यांतील एक गोष्ट सामान्य समजुतीला धक्का देणारी आहे. ड्रायव्हरचा चेंडू साधारण 11 अंशांनी सुटतो व मिनिटाला सुमारे 2,600 फेरे घेतो, सात नंबरच्या आयर्नचा 16 अंशांनी सुटून सुमारे 7,000 फेरे घेतो, तर पिचिंग वेजचा 24 अंशांनी सुटून 9,000 च्या वर जातो. आणि तरीही या तिन्ही फटक्यांचा सर्वोच्च बिंदू जवळपास सारखाच, म्हणजे 30 यार्डांच्या आसपास असतो. कमी लॉफ्टची उणीव वेग भरून काढतो, एवढाच याचा अर्थ. सबब उंची बदलावयाची तर नुसता दुसरा क्लब उचलून भागत नाही, फटक्याचा घाटच बदलावा लागतो.

समोरून वारा वाहत असेल तेव्हा हे कौशल्य खरे पणाला लागते. अशा वेळी माणसाला अधिक जोराने मारण्याचा मोह होतो, आणि तीच मोठी चूक ठरते. कारण जोर वाढला की फिरकी वाढते, समोरच्या वाऱ्यामुळे चेंडूभोवतीच्या हवेचा सापेक्ष वेग आधीच वाढलेला असतो, आणि या दोहोंच्या संयोगाने चेंडू फुग्यासारखा वर चढून जागच्या जागी कोसळतो. जाणता खेळाडू म्हणून एक-दोन नंबर लांबचा क्लब घेतो. जेथे नेहमी सात नंबरचा आयर्न पुरतो तेथे तो पाच नंबरचा काढतो, मुठी दांड्यावर थोड्या खाली धरतो, चेंडू पायांच्या मध्यापासून किंचित मागच्या पावलाकडे घेतो, हात चेंडूच्या पुढे ठेवतो आणि शरीराचा भार आरंभापासूनच पुढच्या पायावर टाकतो. हात पुढे राहिल्याने क्लबाचे मुख जणू मिटते आणि प्रत्यक्ष आघाताच्या क्षणी पाच नंबरचा लॉफ्ट आणखी कमी होतो. मागचा झोका पाऊण, पुढचाही आखूड, हात छातीच्या उंचीशीच थांबलेले, आणि सगळ्या हालचालीत घाई म्हणून नाही. असा चेंडू खाली राहतो, वाऱ्याला छेदतो आणि जमिनीवर उतरल्यावरही बराच पुढे धावतो.

उंच फटक्याची कृती याच्या उलट आहे. चेंडू पुढच्या पावलाकडे, मुख थोडे उघडे, शरीर आघाताच्या वेळी चेंडूच्या मागे, आणि झोका पूर्ण. झाडावरून न्यावयाचा किंवा बंकरच्या लगत असलेल्या ग्रीनवर उतरवून थांबवावयाचा चेंडू असा मारतात, कारण उभ्या कोनातून पडलेला चेंडू फार पळत नाही. जॅक निकलस यांचे वैशिष्ट्य असे की, एक नंबरच्या आयर्नसारख्या दुर्दम्य क्लबानेही ते चेंडू उंच चढवीत. 1972 च्या यू. एस. ओपनमध्ये पेबल बीचच्या सतराव्या होलवर त्यांचा तसा चेंडू निशाणाच्या काठीवर आदळून होलच्या अगदी नजीक थांबला. पण सामान्य खेळाडूने अशा फटक्यांच्या नादी लागण्यापूर्वी चेंडूखाली पुरेसे गवत आहे की नाही, हे नीट पाहावे. कठीण, उघड्या जमिनीवर उघडे मुख उसळी घेते.

ज्या मैदानावर खेळावयाचे त्याने उंचीचा निवाडा करावा, हे स्कॉटलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मैदानांनी शिकविले. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी 1954 ते 1965 या काळात पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकले ते या विद्येच्या बळावर. चेंडू कोठे पडेल यापेक्षा पडल्यावर कोठवर धावेल याचा हिशेब ते आधी मांडीत. त्या वेळी ब्रिटनमध्ये 1.62 इंच व्यासाचा, अमेरिकेतील 1.68 इंची चेंडूहून लहान आणि वाऱ्याला कमी जुमानणारा चेंडू चालत असे. 1974 पासून ब्रिटिश ओपनला मोठा चेंडू सक्तीचा झाला. आपल्या देशावरही या गृहस्थांचे ऋण आहे. 1964 मध्ये इंडियन ओपन सुरू होण्यास त्यांचे प्रोत्साहन कारणीभूत झाले, पहिल्याच स्पर्धेत ते विजयी ठरले आणि पुढे 1966 व 1976 मध्येही त्यांनी ती जिंकली. मोठ्या चेंडूच्या काळातही जुनी विद्या निरुपयोगी झाली नाही, याचा दाखला 2006 मध्ये इंग्लंडमधील हॉयलेकच्या मैदानावर मिळाला. उन्हाने करपून टणक झालेल्या त्या मैदानावर टायगर वुड्स यांनी चार दिवसांच्या 72 होलमध्ये ड्रायव्हर एकदाच वापरला, बाकी टीवरचे फटके बव्हंशी लांब आयर्नने खाली ठेवून खेळले आणि ब्रिटिश ओपन जिंकले.

मुंबई-पुण्याच्या खेळाडूला मात्र वर्षातून दोन वेगळ्या जमिनींवर खेळावे लागते, आणि त्याने खाली राहणाऱ्या फटक्याचा अभ्यास उन्हाळ्यातच करावा असे माझे मत आहे, कारण वाळलेल्या फेअरवेवर त्याची धाव डोळ्यांनी मोजता येते. पावसाळ्यात भिजलेली जमीन चेंडूला धरून ठेवते, म्हणून तेथे सारे अंतर हवेतच तोडावे लागते. त्यातच क्लबाचे मुख आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी किंवा ओले गवत आले की फिरकी घटते आणि उंचीचा नेहमीचा अंदाज साफ चुकतो. तेव्हा प्रत्येक फटक्याआधी क्लब फडक्याने कोरडा पुसावा, आणि चेंडू लांब गवतात असेल तर तो ग्रीनवर उतरून लगेच थांबेल अशा भरवशावर न राहता त्याला पुढे धावावयास जागा सोडून निशाणाच्या अलीकडचा टप्पा निवडावा.