सहीविना चालणारा व्यवसाय

मुळशी तालुक्यातल्या जांब्यात आता शेतापेक्षा टॉवर लवकर नजरेत भरतात. हिंजवडीच्या आयटी पार्कचा पसारा माण-मारुंजी-नेरे ओलांडून इथवर आला आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या गावांच्या प्रस्तावात जांब्याचेही नाव लागले. इथल्या उंच इमारतीला परवानगी मिळवायची तर कागदावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. उद्या इमारत खचली तर ती सही कोणाची, हे पहिल्यांदा पाहिले जाते. त्याच इमारतीत राहणारा संगणक अभियंता बँकेची किंवा सरकारी परीक्षेची प्रणाली लिहितो, तेव्हा त्याची अशी सही कुठेच नसते. गेल्या पंचवीस वर्षांत पुण्याने संगणकाशी संबंधित जे मोठे खटले पाहिले, ते ओळीने मांडले की एक गोष्ट दिसते. कायदा चोरापर्यंत पोहोचला, पुढे कंपनीपर्यंतही पोहोचला. व्यवसायाने मात्र स्वतःला कशातच बांधून घेतले नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. इलेक्ट्रॉनिक व्यवहार आणि डिजिटल सही यांना मान्यता देणे हा त्याचा मुख्य हेतू होता, आणि त्याच्या नजरेसमोरचा गुन्हेगार बाहेरून शिरणारा हॅकर होता. २००५ मध्ये पुण्यातच हे चित्र अपुरे ठरले. इथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले, असे तपासात पुढे आले. कुलूप कोणी फोडले नव्हते. किल्ली कामाचा भाग म्हणूनच हाताशी आली होती. २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात ४३-अ आणि ७२-अ ही कलमे आली. पहिल्याने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीवर भरपाई बसवली, दुसऱ्याने करार मोडून माहिती फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. या कायद्याला दातही होते. २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी निवाडा अधिकारी या नात्याने पंजाब नॅशनल बँकेला पुण्याच्या एका उद्योगाला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ग्राहक फसव्या ईमेलला बळी पडला होता, तरीही बँकेची जबाबदारी सुटली नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले, हाँगकाँगला रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यात भरडले गेले ते मुख्यतः एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे. यंत्रणा भेदण्याजोगी कशी राहिली, तिची तपासणी कोणी कशी केली, हे प्रश्न फौजदारी खटल्याच्या चौकटीत बसतच नाहीत.

सर्वांत बोचरे प्रकरण शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचे. डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडा भरतीच्या पेपरफुटीचा तपास करताना पुणे सायबर पोलिसांच्या हाती टीईटीचे धागे लागले. परीक्षेचे तांत्रिक काम सांभाळणाऱ्या कंपनीतली माणसे, दलाल आणि खुद्द राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्त अटकेत गेले. पैसे घेऊन नापासांना पास केल्याचा आरोप होता. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८८० उमेदवारांची २०१९-२० ची संपादणूक रद्द केली आणि त्यांना पुढच्या टीईटीतून कायमचे बाद केले. उमेदवाराचे नाव बाद करायला यादी होती. गुणांच्या फाइलला हात लावणाऱ्याचे नाव कोणत्या यादीतून काढायचे? गैरवर्तन करणाऱ्या डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून उतरवता येते, वकिलाची सनद जाते. संगणकवाल्याची नोंदवहीच नाही. खटला संपण्याआधीच तो दुसऱ्या कंपनीत तेच काम करू शकतो. मार्च २०२२ मध्ये तर बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्त करायचे चलन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, पुण्यात अटक झाली. आरोप सिद्ध होवोत वा न होवोत, ‘तज्ज्ञ’ कोणाला म्हणायचे हे ठरवणारी संस्था नव्हती, एवढे त्यातून उघड झाले.

यावर परवान्याचा उपाय सुचवला, की आक्षेप येतो: परवाना आला की लायसन्स राज आले. घरी बसून ॲप लिहिणाऱ्या पोरालाही परिषदेचे उंबरे झिजवावे लागतील. ही भीती खरी आहे, म्हणून सरसकट परवाना मीही मागणार नाही. दुकानाची वेबसाइट आणि परीक्षेचा निकाल यांत फरक करता येतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हिंजवडीतला अभियंता नोकर आहे, वरून सांगितले ते करतो. पण ‘सांगितले म्हणून केले’ हे अमेरिकेतल्या न्यायालयात चालले नाही. फोक्सवॅगनच्या गाड्यांत प्रदूषण चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर घालण्यात सहभागी असलेल्या अभियंत्याला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. त्याला ‘नाही’ म्हणायला आधार देणारी नोंदणी असती, तर निदान नकाराचे कारण तरी दाखवता आले असते. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, पण तिचा सभासद नसल्याने कोणाचे काम अडत नाही. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा? त्याचा २५० कोटींपर्यंतचा दंड डेटा बाळगणाऱ्या संस्थेवर आहे. कंपनी तो भरेल, किंवा लढवेल; कोड लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत त्याची झळ पोहोचेल याची खात्री नाही.

तेव्हा सुरुवात मर्यादित करावी. सरकारी भरती, परीक्षा, सातबारा आणि बँका यांच्या प्रणालींवर एका नोंदणीकृत व्यक्तीची सही सक्तीची असावी, आणि ती सही नाकारण्याचा हक्क तिला कायद्याने मिळावा. सहीच्या सक्तीसाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. राज्य परीक्षा परिषदेने पुढच्या निविदेत ही एक अट घालावी.