उसाच्या कांड्यांतील उत्क्रांति

नगर जिल्ह्यांत प्रवरा नदीच्या कांठीं बेलापूर हें गांव आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांनीं ह्या मुलखाचें रूप पालटलें आणि काळ्या जमिनींत उसाचे मळे उभे राहिले. येथील शिवारांतून जाणाऱ्या वाटसरूनें उसाचें एक कांडें मोडून तोंडांत टाकलें, तर गोड रसापलीकडे कांहीं मनांत येण्याचें त्याला कारण नाहीं. तथापि त्या एका कांड्यांत सृष्टीच्या इतिहासाचीं तीन प्रकरणें एकावर एक रचलेलीं आहेत. पहिलें ज्योतिषशास्त्राचें, दुसरें रसायनशास्त्राचें आणि तिसरें जीवशास्त्राचें. तिन्ही शास्त्रें आपापल्या प्रकरणाला उत्क्रांति हेंच नांव देतात. नांव एक असलें तरी तिन्ही ठिकाणीं घडणारी गोष्ट एकच आहे काय, हा येथें विचारावयाचा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो शब्दाचा वाद वाटेल. परंतु त्याच्या उत्तराशीं उसाच्या पिकाचें बरेंवाईट बांधलेलें आहे, हें पुढें दिसून येईल.

साखरेच्या एका रेणूंत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणु असतात. त्यांपैकीं हायड्रोजन सर्वांत जुना. सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वीं, विश्वाच्या आरंभीं, जें द्रव्य होतें तें बहुतांशीं हायड्रोजन व हेलियम ह्या दोनच हलक्या मूलद्रव्यांचें होतें, असें आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. कार्बन व ऑक्सिजन पुढें ताऱ्यांच्या पोटांत तयार झाले. ताऱ्याच्या गर्भांत प्रथम हायड्रोजनचें हेलियम बनतें. हायड्रोजन संपत आला म्हणजे गर्भ आकुंचित होऊन अधिक तापतो, आणि हेलियमच्या तीन अणुगर्भांपासून कार्बनचा एक अणुगर्भ होतो. ह्यांत एक मोठी अडचण होती. हेलियमचे दोन अणुगर्भ एकत्र आल्यावर जें कांहीं बनतें तें जवळजवळ तत्काळ फुटतें. तिसऱ्यास येऊन मिळण्यास सवडच उरत नाहीं. इंग्लंडचे ज्योतिर्विद फ्रेड हॉइल ह्यांनीं १९५३ सालीं असा तर्क केला कीं, ज्या अर्थीं विश्वांत एवढा कार्बन आहे त्या अर्थीं कार्बनच्या अणुगर्भाला एका विशिष्ट ऊर्जेची अवस्था असली पाहिजे, आणि तिच्यामुळेंच ही जोडणी सुलभ होत असली पाहिजे. कॅलिफोर्नियांत विल्यम फाउलर ज्या प्रयोगशाळेंत काम करीत होते तेथें शोध घेतला, तों ती अवस्था सांगितलेल्या ठिकाणाच्या अगदीं जवळ सांपडली. पुढें १९५७ सालीं मार्गरेट व जेफ्री बरबिज, फाउलर आणि हॉइल ह्या चौघांनीं मूलद्रव्यें ताऱ्यांत कशीं घडतात ह्याची सविस्तर मांडणी केली.

ह्याच हॉइलांचे शिष्य म्हणजे कोल्हापूर येथें १९३८ सालीं जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर. पुण्याच्या आयुका ह्या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते. २०२५ सालीं त्यांचें निधन झालें. मूलद्रव्यें क्रमाक्रमानें घडत गेलीं हें गुरुशिष्य दोघांनाही मान्य होतें. परंतु समग्र विश्वाला एका महास्फोटानें आरंभ झाला, हें मात्र त्यांना पटलें नाहीं. अवकाशांत सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्म तरंगांच्या प्रारणाचा शोध १९६५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां बहुतेक शास्त्रज्ञ आरंभ मानणाऱ्या पक्षास मिळाले. नारळीकरांनीं आपल्या शंका सोडल्या नाहींत. ह्या वादापासून घेण्यासारखा एक बोध आहे. तारा बदलतो एवढ्यावरून विश्वही तसेंच बदलतें असें सिद्ध होत नाहीं. उत्क्रांति हा शब्द एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणीं लावावयाचा तर तेथला पुरावा नव्यानें द्यावा लागतो.

आतां ताऱ्याच्या उत्क्रांतीचें स्वरूप पाहूं गेल्यास तें मनुष्याच्या बालपण-तारुण्य-वार्धक्यासारखें आहे. जन्मतः ताऱ्यांत किती द्रव्य आहे ह्यावर त्याचें आयुष्य व शेवट मुख्यतः ठरतो. आपला सूर्य सुमारें ४६० कोटी वर्षांचा आहे. आणखी सुमारें ५०० कोटी वर्षांनीं तो फुगून तांबडा होईल. मरतां मरतां तारा आपली राख अवकाशांत उधळतो, आणि त्या राखेपासून नवे तारे व ग्रह घडतात. बेलापूरच्या उसांतील कार्बन असाच कोणा विझलेल्या ताऱ्याचा आहे. परंतु राख हा वारसा असला तरी तो स्वभावाचा वारसा नव्हे. मागच्या ताऱ्याचें एकादें वैशिष्ट्य पुढच्या ताऱ्यांत उतरून तें त्याला इतरांपेक्षां अधिक संततीस कारण झालें, असें आकाशांत घडत नाहीं.

दुसरें प्रकरण रसायनाचें. साधे अणु एकत्र येऊन मोठे रेणु बनतात ह्यास फार मोठ्या नवलाची गरज नाहीं. शिकागो येथें स्टॅन्ली मिलर ह्यांनीं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ एका बंद पात्रांत घेऊन त्यांतून विजेच्या ठिणग्या पाडल्या. कांहीं दिवसांनीं त्या पाण्यांत अमायनो आम्लें, म्हणजे प्रथिनांच्या विटा, आढळल्या. हा प्रयोग १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांत मर्चिसन येथें पडलेल्या उल्कापाषाणांतही अमायनो आम्लें सांपडलीं. तेव्हां अशी जुळणी पृथ्वीबाहेरही होते हें निश्चित झालें. पण विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. ज्या क्षणीं एकादा रेणु स्वतःसारखा दुसरा रेणु घडवूं लागला, आणि त्या नकलेंत क्वचित् चूकही होऊं लागली, त्या क्षणीं रसायनाच्या प्रांतांतून जीवाच्या प्रांतांत पाऊल पडलें. तें पाऊल नेमकें कसें पडलें, हें कोडें शास्त्रज्ञांना अद्याप सुटलेलें नाहीं.

तिसऱ्या प्रकरणांत उत्क्रांतीला निराळाच अर्थ येतो. चार्ल्स डार्विन ह्यांनीं १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या विचाराचें सार तीन गोष्टींत सांगतां येतें. एकाच जातीच्या जीवांत परस्परांमध्यें फरक असतात. ते फरक पिढीजात उतरतात. आणि जेवढे जीव जन्मतात तेवढे सर्व जगत नाहींत. ज्याचा फरक त्या स्थळीं व त्या काळीं उपयोगी पडला त्याची संतति अधिक उरते. ह्यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. निवडणारा कोणी नाहीं आणि गांठावयाचें ठिकाणही नाहीं.

ऊस हा गवताच्या कुळांतला आहे, आणि त्या कुळाच्या इतिहासाचें एक विलक्षण पान महाराष्ट्रांतच उघडलें. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा नांवाचें गांव आहे. तेथील गाळाच्या थरांत डायनोसोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतील वाळूसारखे सूक्ष्म कण ओळखले आणि २००५ सालीं तें प्रसिद्ध केलें. उसाचें पान हाताला कापतें तेंही त्याच्या अंगीं असलेल्या ह्याच जातीच्या सिलिकाच्या कणांमुळें. डायनोसोर नष्ट झाल्यावर पुष्कळ काळानें गवतें आलीं असा जो समज होता, तो ह्या शोधानें मोडला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे पूर आले. त्याच सुमारास ते अजस्र प्राणी नाहींसे झाले आणि गवतें टिकलीं. त्या लाव्हारसाचा खडक झिजून जी काळी माती झाली, तिच्यांतच आज बेलापूरचा ऊस उभा आहे.

रानटी गवतापासून गोड ऊस घडविण्याचें काम मात्र मनुष्याच्या निवडीनें झालें. जाड व रसाळ ऊस प्रथम न्यू गिनींत लागवडीखालीं आला. दख्खनमध्यें पूर्वीं पुंड्या ऊस लावीत. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊस-प्रजननाचें केंद्र निघालें. तेथें बार्बर व वेंकटरामन ह्यांनीं गोड उसाचा संकर काश ह्या रानगवताशीं केला आणि त्यांतून को. २०५ ही जात १९१८ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा. पुढें महाराष्ट्रांत को. ४१९, को. ७४०, को. ८६०३२ आणि पाडेगांवच्या संशोधन केंद्राची फुले २६५ अशा जाती एकामागून एक आल्या. उसाला तुरा आला कीं शेतकरी हळहळतो, कारण उतारा घटतो; पण संशोधकाची सारी आशा त्या तुऱ्यांतील बारीक बियांवर असते. प्रत्येक बीं निराळें रोप देतें. सिंधुदुर्गांतील आंबोलीच्या दमट हवेंत वसंतदादा साखर संस्थेनें ऊस-प्रजननाचें केंद्र काढलें तें ह्याच कारणासाठीं.

शेतांत मात्र ऊस बियांपासून लावीत नाहींत. बेण्याची टिपरी जमिनींत पुरतात आणि तिच्या डोळ्यांतून नवा ऊस फुटतो. म्हणजे मळ्यांतील सारे ऊस एकाच झाडाचे तुकडे होत. त्यांच्यांत फरक जवळजवळ नाहींत. आणि जेथें फरक नाहींत तेथें निवडीला कांहीं करतां येत नाहीं. उसाची उत्क्रांति शेताच्या बांधाशीं येऊन थांबते. पण उसावर जगणाऱ्या बुरशीची उत्क्रांति थांबत नाहीं. तिचीं अगणित बीजें दर हंगामांत जन्मतात, त्यांत फरक पडत राहतात, आणि एकाच जातीचा अफाट मळा हें तिला मोठेंच आमंत्रण ठरतें. उत्तर प्रदेशांत को. ०२३८ ही जात २००९ सालानंतर इतकी लोकप्रिय झाली कीं तेथील उसाचें बहुतेक क्षेत्र तिनें व्यापलें. उताराही उत्तम होता. दहा-बारा वर्षांतच लाल कूज रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार तिच्यावर मात करूं लागला. उभे ऊस वाळले, आणि चिरून पाहतां आंत तांबड्या रेघा व आंबूस वास. त्या जातींत कोणताही नवा दोष शिरला नव्हता. जात होती तेथेंच राहिली आणि शत्रु पुढें गेला.

उत्क्रांति म्हणजे पायरीपायरीनें उंच चढत जाणें, असा समज सर्वसाधारणपणें रूढ आहे. ह्याच समजानें कोणी मानववंशांना उच्चनीच ठरविलें, आणि ह्याच समजानें एक उत्तम जात सांपडली कीं काम संपलें असें वाटतें. ताऱ्याची वाटचाल त्याच्या वजनानें आंखून दिलेली असते. रेणूंची जुळणी रसायनाच्या नियमानें होते. पण जीवाच्या बाबतींत जो आज सरस आहे तो आजच्या परिस्थितीपुरता सरस आहे. परिस्थितींत बुरशीही येते.

म्हणून बेलापूरच्या एकाद्या शेतकऱ्यानें आपल्या मळ्याचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकांत निराळी जात लावली, आणि बेणें दर कांहीं वर्षांनीं निरोगी मळ्यांतून बदलून घेतलें, तर त्यानें डार्विनचें नांवही न घेतां त्याचा सिद्धांत नीट ओळखला असें म्हणावें लागेल. कांड्यांतील कार्बन कोणत्या ताऱ्याचा हें त्यास कळण्याचा मार्ग नाहीं, व कळून उपयोगही नाहीं. पण पुढल्या लागणीला कोणत्या डोळ्याचें बेणें घ्यावयाचें, हें त्याला दर हंगामास नव्यानें ठरवावें लागतें.