वकिलांची व्यावसायिक गैरवर्तणूक : दाद कोठे मागावी?

मुंबईतील रे रोडच्या दारूखान्यात राबणारा एखादा कामगार अपघातानंतर भरपाईचा दावा करतो, तेव्हा तो वकीलपत्रावर सही करून आपली कागदपत्रे, आपला पैसा आणि पुष्कळदा कुटुंबाचे भवितव्यच वकिलाच्या स्वाधीन करीत असतो. या विश्वासाचा भंग झाल्यास दाद मागण्याची तरतूद अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये करण्यात आली आहे.

तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी करावी लागते. कलम ३५ अन्वये तक्रारीत तथ्य असल्याचे सकारण वाटल्यास कौन्सिल ती शिस्तपालन समितीकडे सोपविते. समितीत कौन्सिलचे दोन सदस्य व बाहेरील एक अनुभवी वकील असतो. साक्षीदारांना बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीस आहेत. वकिलाचे म्हणणे ऐकून समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलास ताकीद देऊ शकते, त्याची सनद ठरावीक काळ निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून कमी करू शकते. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. राज्य समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे व त्यानंतर तितक्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.

हा मार्ग मुंबईच्याच एका प्रकरणाने पुरता पारखला गेला. दंडाधिकारी न्यायालयांच्या दाराशी पक्षकारांना गाठून, आपसांत झोंबाझोंबी करून कामे मिळविल्याचा काही वकिलांवर आरोप होता. राज्य कौन्सिलने त्यांना दोषी ठरविले. भारतीय कौन्सिलने दोषमुक्त केले. तेव्हा राज्य कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७५ मध्ये न्यायालयाने तिचा अपिलाचा हक्क मान्य केला आणि अशा रीतीने पक्षकार ओढणे ही गैरवर्तणूकच होय, असे स्पष्ट केले.

दावा हरणे ही मात्र गैरवर्तणूक नव्हे. पक्षकाराची रक्कम दडपणे हा दोष आहे. फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवणे हाही दोषच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले.

शिस्तपालन समिती पक्षकारास नुकसानभरपाई देत नाही. २०२४ च्या निर्णयानुसार वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणून पैशासाठी दिवाणी दावा आणि अपहार असल्यास पोलिसांत तक्रार हे मार्ग स्वतंत्रपणे अनुसरावे लागतात. दिलेल्या रकमेची पावती व वकीलपत्राची प्रत जपून ठेवण्याचा सल्ला पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावकऱ्यांना आधीच दिल्यास तक्रारीच्या वेळी पुरावा हाताशी राहील.