दोन याद्या जोडल्या आणि चार जिल्हे गायब! 'आर'मध्ये डेटा जोडताना नेमकं काय होतं?

समजा, तुमच्याकडे दोन याद्या आहेत. एकीत 2011 च्या जनगणनेतली महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची लोकसंख्या आहे, तर दुसरीत आजच्या प्रत्येक जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांची संख्या. दर लाख लोकांमागे किती दवाखाने आहेत, हे काढायचं आहे. 'आर'मध्ये तुम्ही एक ओळ लिहिता आणि दोन्ही याद्या जोडता. संगणक काहीच तक्रार करत नाही. पण उत्तरात 36 ऐवजी 32 जिल्हे दिसतात.

उरलेले चार कुठे गेले? ते समजण्यासाठी आधी 'आर' याद्या कशा जोडते ते पाहू.

'आर' म्हणजे काय?

'आर' ही संख्याशास्त्रासाठी तयार झालेली संगणकीय भाषा आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकात ती बनवली. दोघांच्याही नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर 'आर', तेच भाषेचं नाव झालं. ती मोफत आहे, आणि विद्यार्थ्यांपासून संशोधकांपर्यंत अनेक जण ती वापरतात.

जोडण्याचे चार मार्ग

1. सी : सुट्या गोष्टींची एक यादी करायची असेल तर हे वापरतात. पण अशा यादीत सगळं एकाच प्रकारचं असावं लागतं. 12, 15 आणि 'माहिती नाही' असं एकत्र केलं, तर 'आर' 12 आणि 15 यांनाही मजकूर समजते. मग त्यांची बेरीज होत नाही.

2. आरबाइंड : एका तक्त्याखाली दुसरा तक्ता जोडायचा. उदाहरणार्थ, जानेवारीच्या नोंदींखाली फेब्रुवारीच्या नोंदी. इथे 'आर' कडक आहे. दोन्ही तक्त्यांत रकान्यांची नावं जुळली नाहीत, तर ती सरळ काम थांबवते.

3. सीबाइंड : एका तक्त्याशेजारी दुसरा ठेवायचा. इथे मात्र 'आर' फक्त ओळी मोजते, कोणती ओळ कोणाची आहे हे पाहत नाही. एक यादी अकारविल्हे आणि दुसरी लोकसंख्येनुसार लावलेली असेल, तर पुण्याचे दवाखाने गडचिरोलीच्या नावावर जातील.

आणखी एक गंमत म्हणजे, 36 जिल्ह्यांच्या तक्त्याला राज्यातल्या 6 महसूल विभागांची यादी जोडली, तर 'आर' ती यादी गुपचूप सहा वेळा गिरवते. कारण 36 ला 6 ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नसता तर निदान चूक तरी दाखवली असती!

4. मर्ज : दोन्ही तक्त्यांत असलेला एखादा रकाना, म्हणजे आपल्या उदाहरणात जिल्ह्याचं नाव, बघून ओळी जुळवायच्या. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्यांसाठी हाच योग्य मार्ग आहे. पण सांगितलं नाही, तर 'मर्ज' फक्त दोन्हीकडे सापडलेल्या ओळी ठेवते. बाकीच्या टाकून देते.

मग चार जिल्हे कुठे गेले?

जनगणनेत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहेत. नव्या यादीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. आपल्याला कळतं की हे तेच जिल्हे आहेत, पण संगणकाला ही सहा वेगळी नावं वाटतात. चौथा जिल्हा पालघर. तो 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे 2011 च्या 35 जिल्ह्यांत तो नाहीच.

'मर्ज'मध्ये 'ऑल' हा पर्याय 'ट्रू' केला, तर काहीच गळत नाही. मग 39 ओळी येतात : 32 जुळलेल्या, 3 जुन्या नावांच्या आणि 4 नव्या. जिथे माहिती नाही तिथे 'एनए' दिसतं. घोळ निदान डोळ्यांसमोर तरी येतो.

खरी चूक मात्र दिसतच नाही

ठाण्याकडे बघा. नाव दोन्हीकडे तेच, म्हणून ओळ व्यवस्थित जुळली. पण 2011 मधली ठाण्याची सुमारे 1 कोटी 10 लाख लोकसंख्या पालघर धरून आहे, आणि दवाखान्यांचा आकडा पालघर वगळून. म्हणजे भागाकार चुकला आणि ठाण्यात दवाखाने आहेत त्यापेक्षा कमी असल्यासारखं दिसलं. ही चूक कोणतीही भाषा पकडून देणार नाही. त्यासाठी जिल्ह्याचा इतिहास माहीत हवा.

जोडण्याआधी आणि नंतर काय तपासाल?

- ओळी मोजा. 'एनरो' वापरून जोडण्याआधी किती होत्या आणि नंतर किती उरल्या ते बघा.
- न जुळणारी नावं काढा. 'सेटडिफ' एका यादीत असलेली आणि दुसरीत नसलेली नावं दाखवते. ते दोन्ही बाजूंनी करा.
- दुबार नोंदी शोधा. एकच जिल्हा दोन्ही याद्यांत दोनदा आला, तर 'मर्ज' त्याच्या चार ओळी करते आणि बेरीज फुगते.
- शक्य तिथे नावाऐवजी संकेतांक वापरा. स्पेलिंग किंवा नाव बदललं, तरी जुळणी बिघडत नाही.

पुढच्या वेळी 'जिल्हानिहाय क्रमवारी'चा तक्ता फॉरवर्ड होऊन आला, तर शेअर करण्याआधी त्यातले जिल्हे मोजा. 36 भरले, तर ठाणे आणि पालघरचे आकडे कोणत्या वर्षाचे आहेत तेही विचारा.